फ्लॅट ‘ईस्ट फेसिंग’, पण उजेड कुठून येतो? हैदराबादच्या घरात रंग निवडताना आधी खिडकीची दिशा पाहा

दुकानात शेडकार्डावर ‘हलका राखाडी’ म्हणून पसंत केलेला रंग घरात लावल्यावर निळसर दिसतो. फिक्का बदामी म्हणून घेतलेला रंग संध्याकाळी केशरी भासतो. मग पेंटरवर खापर फुटतं, नाहीतर कंपनीवर. बहुतेक वेळा चूक दोघांचीही नसते. डब्यातला रंग तोच असतो, बदलतो तो खोलीतला उजेड.

मराठवाड्यातून शिक्षण, नोकरी, दवाखाना यासाठी हैदराबादला जाणं पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या जुन्या वस्त्यांतली मराठी कुटुंबं आता कुकटपल्ली, मियापूर, एल. बी. नगर, उप्पल भागातल्या अपार्टमेंटांतही राहतात. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या घरात पहिला रंग चुकला तर पुन्हा पुट्टी, पुन्हा मजुरी आणि पुन्हा आठवडाभर सामान हलवणं आलं. हे टाळायचं तर रंगाच्या आधी उजेड समजून घ्यावा लागतो.

दाराची दिशा वेगळी, उजेडाची दिशा वेगळी

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. हैदराबादच्या जाहिरातींत ‘ईस्ट फेसिंग’, ‘वेस्ट फेसिंग’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मुख्य दाराचं तोंड त्या दिशेला आहे, एवढाच. पण अपार्टमेंटमध्ये दार बहुधा आतल्या कॉरिडॉरमध्ये उघडतं. तिथून ऊन येतच नाही. उजेड येतो तो बाल्कनीतून आणि खिडक्यांतून, आणि त्या अनेकदा दाराच्या बरोबर उलट बाजूला असतात.

म्हणजे कागदावर ‘ईस्ट फेसिंग’ असलेल्या फ्लॅटचा हॉल प्रत्यक्षात पश्चिमेच्या उन्हाचा असू शकतो. ‘पूर्वेचं घर, सकाळचं कोवळं ऊन’ असं धरून हॉलला पिवळसर रंग दिला, तर एप्रिल-मेच्या दुपारी तोच हॉल डोळ्यांवर येतो.

म्हणून दिशा घराची नाही, प्रत्येक खोलीच्या खिडकीची पाहायची. मोबाईलमधलं होकायंत्र त्यासाठी पुरेसं आहे. फक्त लोखंडी ग्रिल, फ्रीज, मोटार यांच्याजवळ धरलं तर काटा भरकटतो. खोलीच्या मध्यभागी उभं राहून दोन-तीनदा माप घ्यावं आणि खिडकीकडे तोंड केल्यावर जी दिशा येते ती लिहून ठेवावी. तीन खोल्यांच्या घरात तीन वेगळ्या नोंदी निघाल्या तर नवल नाही.

इंटरनेटवरचा सल्ला इथे का फसतो

‘उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही, दक्षिणेची खोली सर्वात उजेडाची’ हा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. तो मुळात युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी आहे. लंडन ५१ अंश अक्षांशाच्याही वर आहे. तिथे डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि वर्षभर दुपारी दक्षिणेलाच राहतो.

हैदराबाद साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, साधारण ९ मे आणि ३ ऑगस्टला. त्या दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच पडते. त्यालाच ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. नांदेड थोडं आणखी उत्तरेला, १९ अंशांवर. तिथे हाच दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. सोलापूर, कलबुर्गी, बीदर, लातूर, निजामाबाद, आदिलाबाद ही गावं १७ ते २० अंशांच्या पट्ट्यात येतात. त्यामुळे खालचा हिशेब थोड्याफार फरकाने तिथेही लागू पडतो.

उगवतीची जागाही वर्षभर सरकत असते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य खऱ्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. आपल्याकडे रंगकाम निघतं ते दसरा-दिवाळीच्या आधी, संक्रांतीच्या सुमारास किंवा घरात लग्न असेल तेव्हा. ऑक्टोबरच्या उजेडात पसंत केलेला रंग मे महिन्यात वेगळा दिसतो, त्याचं कारण हेच.

उत्तरेची खिडकी: शांत उजेड, थोडा थंड

उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड. तो दिवसभर एकसारखा असतो आणि त्यात निळसर छटा असते. चित्रकार स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागतात ती याच एकसारखेपणासाठी.

पण भिंतीवर त्याचा परिणाम उलटा होतो. निळसर राखाडी आणखी निळा पडतो. पांढराशुभ्र रंग उजळण्याऐवजी मळकट, फिक्का दिसतो. अशा खोलीला उबदार छटेचे रंग मानवतात: मलईसारखा पांढरा, हस्तिदंती, फिक्का पिवळा, हलका पीच, मातकट गुलाबी. राखाडीच हवा असेल तर ज्यात निळ्याऐवजी बदामी झाक आहे तो निवडावा.

मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं. ते बहुतेक बाजूच्या भिंतीवर पडतं. मे ते ऑगस्ट या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला गेला तरी तो जवळजवळ डोक्यावरच असतो. त्यामुळे छज्जा असेल तर ते ऊन आत येत नाही.

पूर्वेची खिडकी: सकाळी सोनं, दुपारी सावली

सकाळी दहा-साडेदहापर्यंत पूर्वेच्या खोलीत पिवळसर, भरपूर उजेड असतो. दुपारनंतर तीच खोली सावलीत जाते आणि उजेड थंड, निळसर होतो. म्हणजे एका दिवसात एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात.

इथे प्रश्न विचारायचा तो असा: ही खोली वापरली केव्हा जाते? स्वयंपाकघर किंवा देवघर असेल तर सकाळचा उजेड महत्त्वाचा. तिथे फिक्का हिरवा, हलका आकाशी असे थंड रंगही छान उठतात. मुलं दुपारी अभ्यासाला बसतात अशी खोली असेल, तर दुपारचा कमी उजेड धरून उबदार, फिका रंग घ्यावा. पूर्वेच्या खोलीत गडद राखाडी किंवा गडद निळा सकाळी झकास दिसतो आणि चार वाजता कोंदट वाटतो.

दक्षिणेची खिडकी: हिवाळ्यात ऊन, उन्हाळ्यात छज्जा

दक्षिणेची खोली हैदराबादमध्ये बऱ्यापैकी सुखाची असते. डिसेंबरच्या दुपारी सूर्य साधारण ४९ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जाची सावली तेव्हा खिडकीवर सव्वादोन-अडीच फूटच उतरते आणि खालच्या भागातून ऊन आत येतं. एप्रिलमध्ये दुपारचा सूर्य ८० अंशांच्या वर जातो. तेव्हा तोच छज्जा सगळी खिडकी सावलीत ठेवतो.

त्यामुळे इथे रंगाला जास्त मोकळीक आहे. फिके, थंड, मध्यम असे सगळेच रंग चालतात. एकच जपावं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ज्या भिंतीवर रोज थेट ऊन पडतं, तिथे झगझगीत पांढरा दिला तर डोळे दिपतात. किंचित राखाडी किंवा बदामी झाक असलेला पांढरा बरा. शिवाय भडक लाल, गडद पिवळा, जांभळा असे रंग सततच्या उन्हाने उडण्याची शक्यता असते. ते उन्हाच्या भिंतीवर नकोत.

पश्चिमेची खिडकी: खरी परीक्षा इथेच

पश्चिमेची खोली सकाळी मंद असते. दुपारी दोन-अडीचनंतर ऊन शिरतं ते मावळेपर्यंत हटत नाही, आणि जसजसा सूर्य खाली येतो तसतसा उजेड पिवळा, मग केशरी होतो. मेमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून २०-२५ अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटी छज्जाची सावली फूटभरही खाली येत नाही. म्हणजे या बाजूला छज्जाचा उपयोग जवळजवळ शून्य.

अशा खोलीला पिवळा, केशरी, पीच, लालसर दिला की संध्याकाळी भिंती पेटल्यासारख्या वाटतात. इथे थंड रंग आपलं काम करतात: फिक्का हिरवट, राखाडी-हिरवा, मंद निळा, थंड झाकेचा पांढरा. केशरी उजेड त्यांच्यावर पडला की दोन्ही एकमेकांना सावरतात आणि रंग मवाळ दिसतो.

मात्र एक गैरसमज काढून टाकावा. आतून थंड रंग दिल्याने खोली थंड होत नाही, ती फक्त थंड वाटते. उष्णता येते ती काचेतून आलेल्या उन्हाने आणि दिवसभर तापलेल्या बाहेरच्या भिंतीने. त्यासाठी बाहेरून फिका रंग, बाहेरच्या बाजूला बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा हेच खरे उपाय. सर्वात वरच्या मजल्यावर तर छत हाच मोठा तवा. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणलं ते यासाठीच. त्यात सूर्यकिरण परतवणाऱ्या, फिक्या लेपाच्या छतांवर भर आहे.

खिडकीबाहेर काय आहे?

दिशा कळली तरी काम संपत नाही. हैदराबादच्या दाट वस्तीत शेजारची इमारत चार-सहा फुटांवर असते. अशा वेळी खिडकी पूर्वेची असो की दक्षिणेची, आत येतो तो शेजाऱ्याच्या भिंतीवर आपटून आलेला उजेड. ती भिंत गुलाबी असेल तर आपला पांढराही गुलाबी दिसेल. दुसऱ्या मजल्यावर खिडकीत कडुलिंब असेल तर उजेड हिरवट. काच निळी किंवा तपकिरी असेल तर तिचीही छटा मिसळते. डासांची जाळी आणि दाट ग्रिल उजेड कमी करतात ते वेगळंच.

खालची फरशीही विसरू नये. खिडकीतून आलेला उजेड आधी जमिनीवर पडतो आणि तिथून भिंतींवर उडतो. क्रीम रंगाची चकचकीत टाइल असेल तर भिंती उजळ आणि किंचित पिवळसर दिसतात. शहाबादी किंवा तांडूरची करडी फरशी असेल तर उजेड शोषला जातो. तिथे भिंतीचा रंग एक पायरी फिका घ्यावा लागतो.

गावाकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत हे शहाणपण होतंच. छतातल्या झरोक्यातून येणारा तेवढाच उजेड, म्हणून आतून चुन्याचा हात. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की पिवळेपणा मरून पांढरा उठून दिसायचा. ऊब हवी तिथे पिवडी मिसळायची, खाली काव किंवा गेरूचा पट्टा. आजच्या मशिनमधून निघणाऱ्या हजारो शेड्सच्या मागे तत्त्व हेच आहे.

शेडकार्ड वाचताना

पहिली गोष्ट, रंगाची उजेड परतवण्याची क्षमता. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला ‘एलआरव्ही’ म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे सगळा उजेड परतवणारा. अनेक कंपन्या आपल्या संकेतस्थळावर शेडसोबत हा आकडा देतात. कमी उजेडाच्या खोलीसाठी तो ६०-७०च्या वर असावा. ५०च्या खालचा रंग चारही भिंतींना दिला तर दिवसाही लाइट लावावी लागेल.

दुसरी गोष्ट, झाक. दोन पांढरे शेजारी ठेवल्याशिवाय एक निळसर आणि दुसरा पिवळसर आहे हे कळत नाही. म्हणून शेडची पट्टी नेहमी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावी. तसं केल्यावर लपलेली झाक लगेच दिसते.

तिसरी, चार भिंतींचा परिणाम. एका भिंतीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो आणि रंग गडद होत जातो. दोन इंचाच्या पट्टीवर फिका वाटलेला रंग खोलीभर लागल्यावर एक-दोन पायऱ्या गडद दिसतो. शंका आली तर एक पायरी फिका घ्यावा.

चौथी, चमक. धुता येतो म्हणून चकचकीत फिनिश घेतात. पण खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर तिरपं ऊन पडलं की पुट्टीची प्रत्येक लाट, प्रत्येक खड्डा दिसतो. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खोल्यांत बाजूच्या भिंतींना मॅट किंवा हलकी चमकच बरी.

गडद भिंत कुठे द्यावी?

एक भिंत गडद करण्याची हौस सगळ्यांना असते. ती भिंत खिडकीचीच निवडली की घोळ होतो. खिडकीच्या भिंतीवर आतून उजेड कमी पडतो, आणि मध्ये लखलखीत चौकोन. गडद रंगाने हा फरक आणखी वाढतो आणि डोळ्यांना त्रास होतो. खिडकीची भिंत फिकी ठेवावी. गडद रंग खिडकीसमोरच्या भिंतीला द्यावा, तिथे उजेड थेट पडतो आणि रंग खुलतो. छत मात्र पांढरंच ठेवलेलं बरं.

चाचणी: दोन दिवस, चार वेळा

पेंटर ‘भिंतीवर हात मारून दाखवतो’ म्हणतो. पण जुन्या रंगावर मारलेला हात फसवतो, कारण आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांत असतो. त्यापेक्षा असं करावं:

– पसंतीच्या दोन-तीन शेड्सचे लहान डबे आणावेत.
– दोन फूट बाय दोन फूट पांढऱ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन हात द्यावेत, कडेला पांढरी किनार सोडावी.
– पूर्ण वाळू द्यावं. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही.
– पुठ्ठा आळीपाळीने खिडकीसमोरच्या भिंतीवर, बाजूच्या भिंतीवर आणि सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यात उभा करावा.
– सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून, असं चार वेळा पाहावं. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम.
– शेवटी शेडचा कोड लिहून ठेवावा. ‘तो फिक्का हिरवा’ एवढ्यावर पुढच्या वेळी तोच रंग मिळत नाही.

रात्रीचा दिवा दिवसाचं गणित बदलतो

नोकरदार घरात हॉल खरा वापरला जातो तो रात्री. डब्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेला एलईडी बहुधा ६५०० केल्विनचा असतो, त्याचा उजेड निळसर. ‘वॉर्म व्हाइट’ २७०० ते ३००० केल्विनचा, पिवळसर. पश्चिमेच्या हॉलसाठी निवडलेला थंड हिरवट रंग रात्री ६५०० केल्विनखाली दवाखान्यासारखा वाटू शकतो. तिथे ४००० केल्विनच्या आसपासचा मधला दिवा जमून येतो. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात जुळत नाहीत, असंही होतं. म्हणून पडदा आणि भिंत यांची जोडी दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा तपासावी.

वास्तूचं काय?

अनेक घरांत दिशेनुसार रंग वास्तूच्या सल्ल्याने ठरतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण उजेडाशी त्याचं भांडण असायलाच हवं असं नाही. सांगितलेला रंग पिवळा असेल आणि खोली पश्चिमेची असेल, तर गडद पिवळ्याऐवजी पिवळी झाक असलेला पांढरा घेता येतो. किंवा तो रंग एका कोनाड्यापुरता, देवघरापुरता ठेवता येतो. रंगाचं नाव तेच राहतं, फक्त मात्रा बदलते.

काम सुरू करण्याआधी

पावसाळ्यात ओल असलेल्या भिंतीवर कितीही चांगला रंग टिकत नाही. आधी गळती बंद करावी, भिंत सुकू द्यावी. जुन्या घरात रंग खरवडताना लहान मुलं आणि गरोदर बाई यांना लांब ठेवावं, कारण जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग ठरवणारा केंद्राचा नियम २०१६ मध्ये निघाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. नवीन डबा घेताना त्यावरचा उल्लेख वाचावा.

थोडक्यात

उत्तर: उबदार फिके रंग, निळसर राखाडी आणि शुभ्र पांढरा टाळावा.
पूर्व: वापराची वेळ पाहून ठरवावा, दुपारी वापर असेल तर उबदार आणि फिका.
दक्षिण: बहुतेक रंग चालतात; झगझगीत पांढरा आणि उडणारे भडक रंग नकोत.
पश्चिम: थंड, मवाळ रंग, पिवळा-केशरी टाळावा, ऊन बाहेरूनच अडवावं.
खिडकीसमोर भिंत किंवा झाड असेल: दिशेपेक्षा त्या उजेडाचा रंग आधी पाहावा.

पेंटर बोलावण्याआधी एका रविवारी घरात बसून प्रत्येक खोलीत ऊन केव्हा येतं आणि केव्हा जातं, एवढं कागदावर टिपलं तरी निम्मं काम होतं. मग दुकानात ‘कोणता रंग चांगला?’ असं विचारायची वेळ येत नाही. ‘पश्चिमेच्या हॉलसाठी हिरवी झाक असलेला फिका रंग दाखवा’ असं सरळ सांगता येतं.